आबेलचं जावळ

हुआयापाम्पा गावात कुणाकडे किती मेंढ्या आहेत यापेक्षा कुणी कुणाच्या जावळाला कसली मेंढी दिली हे लोकांच्या जास्त लक्षात राहतं. दोन्या सातुर्निना या शिंपिणीला तर गेल्या तीस वर्षांतलं सगळं तोंडपाठ होतं. कुणी धडधाकट कोकरू दिलं, कुणी लंगडी मेंढी टेकवून वर दोनदा सूप वाढून घेतलं, कुणी नुसताच आशीर्वाद दिला. आशीर्वाद देणाऱ्यांची नावं ती जरा सावकाश, चवीनं घ्यायची.

आबेलच्या जावळाला मात्र कुणी काही द्यायचा प्रश्नच येत नव्हता, कारण ते होतच नव्हतं. पोर सहा वर्षांचं झालं, वेण्या कमरेपर्यंत आल्या, आणि आता फेब्रुवारीतल्या पहिल्या सोमवारी शाळा उघडणार होती.

त्याच्या आईची, बासिलियाची, बाकी तयारी झाली होती. पांढरा शाळेचा डगला सातुर्निनाने शिवून दिला होता, खाली चार बोटं शिलाई राखून. "पोर वाढेल, कापड वाढत नाही," ती म्हणाली होती. बूट ओरुरोच्या बाजारातून आणले होते. वही, पेन्सिल, खोडरबर सगळं एका पिशवीत खुंटीला टांगलं होतं, आणि आबेल दिवसातून दहा वेळा ते खोडरबर हुंगून परत ठेवत होता.

अडलं ते नाव घालायला गेल्यावर. मास्तर नवा होता, शहरातून आलेला. त्याने वहीतून मान वर न करताच बोट दाखवलं, "मुली तिकडे."

"मी मुलगी नाही," आबेल म्हणाला.

"बरं, बरं. तिकडे उभी राहा."

आबेलने मग पुराव्यादाखल चड्डीच्या नाडीला हात घातला. बासिलियाने झडप घालून तो हात धरला. मास्तर हसला, पण मग खाली वाकून समजुतीने म्हणाला, "बाई, तुमचा रिवाज असेल, मी काही म्हणत नाही. पण ही पोरं याला जगू देणार नाहीत. सोमवारी केस कापून आणा."

रिवाज असा: जावळ होईपर्यंत पोराच्या केसांना कात्री लावायची नाही. जावळाच्या दिवशी पोर बापाच्या मांडीवर बसतं, आणि ठरलेली धर्ममाता पहिली बट कापते. मग एकेक पाहुणा कापतो आणि पोराच्या नावाने काही ना काही देतो. बाप मेला असेल तर आजा मांडीवर घेतो. या दोन मांड्यांची सरमिसळ हुआयापाम्पात कधी झाली नव्हती. जिवंत बापाचं पोर आज्याच्या मांडीवर बसवायचं म्हणजे त्या बापाला मूठमाती देण्यासारखंच.

आबेलचा बाप सेनोन चार वर्षांपूर्वी परदेशात, बुएनोस आयरेसला शिवणकारखान्यात गेला. धर्ममाता म्हणून सातुर्निनाला शब्द देऊन गेला होता आणि जाताना बजावून गेला होता, "मी येईपर्यंत कात्री लावायची नाही." पहिलं वर्षभर दर रविवारी त्याचा फोन तालुक्याच्या दुकानात यायचा. दुसऱ्या वर्षी कार्निवलला एकदाच फोन आला, नंतर नाहीच. मागच्याच्या मागच्या नाताळात बासिलियाचा भाऊ तिकडून परतला. त्याने तिला विहिरीजवळ गाठून सांगितलं, की सेनोनने दुसरं घर केलंय, बाई पराग्वेची आहे, मुलगी रांगायला लागलीय.

"निरोप दिलाय काही?"

"दिलाय. वाट बघू नका म्हणाला."

बासिलियाने हे सातुर्निनाला सांगितलं, सासऱ्याला नाही. म्हातारा इलारियोन मोतीबिंदूने जवळजवळ आंधळा झाला होता. बायको गेलेली, दुसरं लेकरू नाही. रोज सकाळी तो नातवाला पुढ्यात बसवून बोटांनी चाचपत त्याच्या वेण्या घालायचा. "बाप आला की त्याला गुंता नको सापडायला," म्हणायचा. अशा माणसाला काय सांगणार? ती बाजारातून आली की तो विचारायचा, "पोराचा फोन?" आणि ती म्हणायची, "होता ताता. बरा आहे." नुसतं बरा आहे म्हणून म्हाताऱ्याचं समाधान होईना, मग सेनोनला सर्दी झाली, मग नवं मशीन मिळालं, मग मालकाशी वाजलं. आणि नोव्हेंबरात, म्हातारा फारच मागे लागला तेव्हा, तिच्या तोंडून निघून गेलं, "शाळेच्या आधीच्या रविवारी येतो म्हणाला. जावळालाच."

त्या दिवसापासून म्हातारा रविवार मोजत होता, आणि बासिलियाही.

शनिवारी दुपारी आजा-नातवाची अंगणात शाळा भरली होती. इलारियोन उलट्या घातलेल्या टोपलीवर मास्तर होऊन बसला होता.

"नाव काय?"

"तुला माहीत आहे की."

"मास्तरला माहीत नसतं. मास्तर लोकांना काहीच माहीत नसतं, म्हणून तर ते विचारत असतात. नाव?"

"आबेल."

"शू लागली तर?"

"भिंतीमागे जायचं."

"गाढवा, हात वर करायचा! विचारायचं! मग भिंतीमागे." म्हातारा खुशीत होता. "उद्या तुझा बाप आला की त्यालाच विचार, पहिल्या दिवशी त्यानं काय केलं होतं ते. बाकाखाली तळं."

आबेल खिदळला. "बाबा मला ओळखेल?"

"वेण्यांवरून ओळखेल."

बासिलिया चुलीपाशी चुन्यो, म्हणजे थंडीत गोठवून वाळवलेले बटाटे, भिजत घालत होती. तिचा हात पाण्यातच राहिला.

तेवढ्यात डगला घालून बघायच्या निमित्ताने सातुर्निना आली. पोराच्या अंगावर डगला चढवत ती हळूच म्हणाली, "पोरी, मी एक तोड काढलीय. आमचा टायरवाला रुफिनो. बांधा सेनोनचाच, उंची तीच. उद्या बसमधून उतरवू. घसा बसलाय म्हणू, म्हणजे बोलायला नको. म्हाताऱ्याला दिसतंय कुठे? मांडीवर घेईल, केस कापू, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. सुट्टी संपली म्हणून."

"आणि गाव?"

"गावाचं माझ्यावर सोड. कुणाच्या जावळाला कुणी मेलेलं कोंबडं दिलं होतं ते मला माहीत आहे. सगळे गप्प बसतील."

बासिलियाला क्षणभर ते पटलंही. म्हातारा सुखाने हसेल, सोमवारी पोर शाळेत जाईल. मग तिने आबेलकडे पाहिलं. तो बाह्यांतून हात बाहेर काढायच्या खटपटीत होता. त्याला बापाचा चेहरा आठवत नव्हता. रुफिनोच्या मांडीवर बसून तो आयुष्यभर रुफिनोचाच चेहरा बाप म्हणून जपेल, आणि आठवडाभरात शाळेतलं एखादं पोर त्याला सांगेल, की तो तर टायर दुरुस्त करणारा रुफिनो.

"नको कोमाद्रे," ती म्हणाली; पोराच्या धर्ममातेला आई अशीच हाक मारते. "ताताला मी फसवलं तेवढं पुरे. याला नको."

"मग काय करणार?"

"सांगते."

"कधी? केस कापून झाल्यावर?"

त्या संध्याकाळी बासिलियाने सासऱ्यापुढे दोनदा तोंड उघडलं आणि दोन्हीदा सूप हवं का एवढंच विचारलं.

रविवारी अंगणात लोक जमले. घोंगडी अंथरली होती, मधोमध, बापासाठी. दारू, कोका पानं, मक्याचे दाणे, सगळं मांडून झालं. दुपारची बस आली. तीन बायका, एक बकरा आणि रॉकेलचा डबा उतरला. बस निघून गेली. लोक एकमेकांकडे बघेनात.

इलारियोन नवी टोपी घालून कुंपणाशी उभा होता. "चिखलामुळे उशीर झाला असेल. दुसरी गाडी आहे."

बासिलियाने त्याचा हात धरला आणि त्याला मेंढवाड्यात नेलं. तिथे तिने सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर फार वेळ लागला नाही, चार वाक्यांत संपलं.

म्हातारा म्हणाला, "तुला कधी कळलं?"

"मागच्याच्या मागच्या नाताळात."

"मग ती सर्दी?"

"मीच सांगितली."

"मी निलगिरीचा वाफारा घ्यायचा निरोप दिला होता."

"हो, ताता."

"तू येऊन सांगितलंस, वाफारा घेतला, बरं वाटलं म्हणून."

"हो."

त्याने मान हलवली, आकडे जुळत नसलेल्या माणसासारखी. "नवं मशीन?"

"मीच."

"मी त्या मशीनसाठी नैवेद्य म्हणून जमिनीवर दारू शिंपडली होती, बासिलिया." तो रागावला नव्हता, तेच वाईट होतं. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "निरोप नक्की काय दिला त्यानं? त्याचे शब्द सांग. तुझे नको."

"वाट बघू नका म्हणाला."

इलारियोनने भिंत चाचपली आणि तिचा हात न घेता अंगणात गेला. घोंगडीची कड पायाला लागल्यावर तो खाली बसला, मांडी घातली, टोपी काढून बाजूला ठेवली.

"पोराला आण," तो म्हणाला.

आबेल पळत येऊन मांडीवर बसला. सातुर्निना कात्री घेऊन पुढे आली आणि तिथेच थबकली.

"ताता, तुम्ही कुठे बसलाय माहीत आहे ना?" तिने विचारलं.

"माझ्याच अंगणात बसलोय. काप."

"ताता, तो जिवंत आहे," बासिलिया म्हणाली.

"वाट बघू नका म्हणाला ना? जिवंत माणूस असं म्हणतो का?" त्याने पोराचं डोकं दोन्ही हातांनी सरळ केलं. "काप, सातुर्निना."

पहिली बट पडली. पाहुण्यांत मागे उभ्या असलेल्या माकारियोने टोपी काढली, मग एकेकाने काढली. कोपऱ्यातल्या एका म्हातारीने सूर लावला, बाकीच्या बायकांनी तो उचलला, आणि जावळाच्या अंगणात मरणाचं रडणं सुरू झालं.

"कोण मेलं?" आबेलने विचारलं.

"हलू नकोस," आजा म्हणाला. "कान कापेल."

माकारियो कोंबडा घेऊन आला होता. कात्री हातात घेताना तो म्हणाला, कोंबडा नाही, मेंढी देतो, गाभण. त्याच्यामागच्याने दोन दिल्या. आशीर्वाद देणाऱ्यांतल्या एकाने चक्क पोतंभर किनोआचं धान्य कबूल केलं. बाप नसलेल्या पोराला कमी दिलं तर देणाऱ्याचं नाव गावात कायमचं खराब होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत आबेल गावातल्या कित्येक बापवाल्या पोरांपेक्षा श्रीमंत झाला. सातुर्निनाने यातलं काहीच लक्षात ठेवलं नाही. ती घरी गेली आणि काळ्या फितीचा तुकडा घेऊन आली.

"डगल्याच्या बाहीवर लावावी लागेल," ती म्हणाली. "वर्षभर. आणि तुला काळी शाल."

"मी विधवा नाही, कोमाद्रे."

"कालपर्यंत नव्हतीस." तिने सुई ओवली. "पोरी, काल मी सांगितलेलं ऐकलं असतंस तर..." आणि वाक्य सोडून देऊन टाके घालत बसली.

सोमवारी सकाळी मायलेक निघाली. इलारियोन उठला नव्हता, भिंतीकडे तोंड करून पडला होता. चहा ठेवला तेव्हा एवढंच म्हणाला, "पोराला उशीर करू नकोस." रस्त्यात आबेल एका हाताने पिशवी आणि दुसऱ्याने उघडी मान धरून चालत होता. मानेला गार लागतं म्हणत होता.

"बाबा बसमध्ये मेला?"

"नाही."

"मग कुठे?"

"लांब," ती म्हणाली.

"तुला दिसला?"

"नाही."

आबेलचं एवढ्यावर समाधान झालं. सहा वर्षांत बाप कुठे आहे याबद्दल त्याला याहून जास्त कुणी सांगितलंच नव्हतं.

फाटकात मास्तर उभा होता. केस कापलेलं डोकं बघून तो आधी हसला. मग त्याला बाही दिसली.

"वडील?"

बासिलियाने मान डोलावली.

"कधी?"

"काल."

मास्तरने टोपी काढली. "बाई, मग आज कशाला आणलंत? आठवडाभर घरी ठेवायचं. मी पटावरून नाव काढलं नसतं."

"नको. आज बसू दे."

त्याने आबेलच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मुलांच्या रांगेत नेलं. कुणी चिडवलं नाही. पुढच्या पोराने फितीकडे पाहिलं आणि आपली जागा त्याला दिली. आबेल त्या जागेवर ताठ उभा राहिला, एकदाही मागे न बघता.

फाटकापाशी इतर आया होत्या. पहिली पुढे आली आणि तिने बासिलियाला मिठी मारली, मग दुसरीने. चार वर्षं बासिलिया रडली नव्हती. नवरा परदेशी असलेल्या बाईने रडणं अशुभ, ती रडली तर तिकडे त्याचं काही बरंवाईट होतं, असं सासू मरताना सांगून गेली होती, आणि तिने ते पाळलं होतं, विहिरीजवळ भाऊ भेटला त्या दिवशीसुद्धा. आता त्या बाईच्या खांद्यावर तिचं डोकं टेकलं आणि तिला हुंदका आला. तो थांबेना. बायका तिला धरून उभ्या होत्या. "रड गं," त्या म्हणत होत्या, "चांगला होता." आणि ती रडत होती, आवाज काढून, शाळेची घंटा होईपर्यंत आणि नंतरही.