हात लावू नये

साहेब, तुम्ही मला कोंडलंत. हार घातलात, फीत कापलीत, टाळ्या घेतल्यात आणि कुलूप लावून निघून गेलात. वर माझ्या पायाशी एक धडधडीत खोटं लिहून ठेवलंत. आज मी ते सगळं या मुलांना सांगणार आहे. तुम्ही ऐकलंत तर बरंच. नाही ऐकलंत तरी मी थांबणार नाही.

मित्रांनो, मी एक जुनी कापडी बाहुली आहे. पण भातुकलीतली नव्हे. माझं कोणी लग्न लावलं नाही, मला मुंडावळ्या बांधल्या नाहीत. जन्माला येणं हेच माझं काम. परळच्या एका नर्सिंग शाळेतल्या मुली माझ्यावर शिकायच्या. बाळ बाहेर येताना त्याला कसं धरायचं, नाळ कुठे बांधायची, आणि ते रडलंच नाही तर काय करायचं. हा विषय निघाला की मोठी माणसं तुम्हाला "जा, बाहेर खेळा" म्हणतात. मी म्हणणार नाही. तुम्ही सगळे असेच कोणाच्या तरी हातांत आलात, आणि ते हात कुठेतरी शिकून तयार झाले होते.

मला शिवलं लालबागच्या शांताकाकूंनी. घरातले पुरुष गिरणीत होते तेव्हापासून काकू गोधड्या शिवतात. त्यांच्याच मजल्यावर सीमाताई राहतात, त्या या शाळेत शिकवतात. शाळेत तेव्हा एक प्लास्टिकचं बाळ होतं. त्याची मान लाटण्यासारखी ताठ. त्याच्यावर शिकलेली मुलगी खऱ्या बाळाची मान धरायला विसरायची. म्हणून सीमाताई काकूंकडे गेल्या.

"काकू, मला एक बाळ हवंय."

"लगीन जावक नाय अजून, आणि पोर आधी व्हया तुका?"

"शाळेसाठी हो, काकू! कापडाचं!"

काकूंनी जुन्या मलमलच्या लुगड्याचं माझं अंग केलं. आत कापूस, काथ्या आणि धुतलेल्या वाळूच्या पिशव्या भरल्या, म्हणजे हातात घेतल्यावर खऱ्या बाळाचं वजन लागावं. परकराची नाडी पिळून नाळ केली. बाळाला आईच्या पोटात जी पोसते ती वार, ती मखराच्या उरलेल्या लाल मखमलीची झाली. मानेशी मात्र त्या अडल्या. उसवली, शिवली, परत उसवली.

"ह्येची मान लुळी व्हयी," त्या म्हणाल्या. "ताठ मानेचा पोर जल्माक येता काय? ताठ मान येता ती मागसून, सायब झाल्यार."

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा.

पुढे आमच्या शाळेचा आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एका सुईण-शाळेशी करार झाला. इथल्यांनी तिकडे जायचं, तिकडच्यांनी इथे यायचं, दोघांनी मिळून शिकायचं आणि जन्मतःच दगावणारी बाळं वाचवायची. सीमाताई मला हातातल्या बॅगेत घालून निघाल्या. विमानतळावर तपासणीच्या पडद्यावर माझी आकृती उमटली आणि तिथला शिपाई ओरडलाच, "ओ मॅडम, बच्चा आहे काय आत?"

"बच्चा नाही हो," सीमाताई म्हणाल्या, "मास्तरीण आहे."

माझी छाती तेव्हा जी फुगली ती कापसाने नव्हे.

मलावीत भेटल्या चिसोमोताई. तिथल्या शाळेत शिकवणाऱ्या सुईण. उंच, आणि हसल्या की पत्र्याचं छप्पर वाजावं अशा. पहिल्या दिवशी सीमाताई माझी नाळ हातात धरून दाखवू लागल्या, "इथे बांधायचं, इथे बांधायचं, मधे कापायचं," आणि दोन बोटांची हवेतच कात्री केली. चिसोमोताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग खरी कात्री उचलली आणि खच्च! माझी नाळ तुटून टेबलावर.

"अगं बाई, हे काय केलंत!" सीमाताई किंचाळल्या.

"तुमच्या मुली वॉर्डातही बोटांनीच कापतात का?" चिसोमोताईंनी विचारलं.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या ब्लाउजची टिचबटणं काढून माझ्या पोटाला आणि वारेला लावली. आता मधला नाडीचा तुकडा दर वेळी नवा लावायचा, नीट बांधायचा आणि खरोखर कापायचा. काकूंना सुचलं नव्हतं, सीमाताईंना सुचलं नव्हतं. हे मलावीत सुचलं.

आणखी एक गोष्ट तिथलीच. परळला माझा वर्ग देवळासारखा शांत असायचा. चिसोमोताईंच्या वर्गात अर्ध्या मुली बाळाचे नातेवाईक व्हायच्या. सासू ओरडतेय, मावशी छाती पिटतेय, कोणी पत्र्याचा डबा बडवतंय, आणि मधे एकटी मुलगी मला धरून उभी.

"एवढ्या गोंगाटात या शिकणार कशा?" सीमाताईंनी कानांवर हात ठेवले.

"तुमच्याकडे बाळ येतं तेव्हा सगळे गप्प बसतात?"

सीमाताईंना आपली चाळ आठवली असावी. त्या हसायला लागल्या त्या थांबेचनात.

न रडणाऱ्या बाळाची पाठ चोळायची असते. चोळून चोळून माझी पाठ फाटली. तिथल्या बायका कमरेला जे रंगीबेरंगी कापड गुंडाळतात, चितेंजे म्हणतात त्याला, त्याचं ठिगळ चिसोमोताईंनी माझ्या पाठीला लावलं. पुढे त्या परळला आल्या तेव्हा सीमाताई त्यांना काकूंच्या खोलीवर घेऊन गेल्या. काकूंनी मला उलटं केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"माझ्या बाळाक ठिगळ कोणी लावला?"

सीमाताईंनी चिसोमोताईंकडे बोट दाखवलं. काकूंनी ठिगळाच्या कडेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"टाको बरो आसा," त्या म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवून तो चिसोमोताईंच्या हातात दिला. एकीला मालवणी येत होती, दुसरीला मलावीची चिचेवा. दुपारभर दोघी बोलत होत्या. एकदाही अडलं नाही.

परळच्या वर्गात गोंगाट सुरू झाला तो तेव्हापासून. चिसोमोताई एरवी इंग्रजीत बोलायच्या; मराठी त्यांना एकच शब्द आला, "चोळ". तो त्या असा ओरडायच्या की व्हरांड्यातली कबुतरं उडायची. वर्गात मनवा नावाची मुलगी होती, प्रभादेवीची, मुखदुर्बळ. पहिल्याच गोंगाटात तिने मला खाली पाडलं. माझ्या पोटातली वाळूची पिशवी फुटली आणि मनवा रडायला लागली.

"कापडाचं पडलं," चिसोमोताई म्हणाल्या. "इथे पाड. हवं तेवढं पाड. आता उचल."

तिने उचललं. मग रोज उचललं.

त्याच वर्षीच्या गणपतीत मनवा लालबागला मावशीकडे गेली होती. गल्लीत मुंगीला वाट नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईला कळा सुरू झाल्या आणि रुग्णवाहिका नाक्यावरच अडकली. बाळ आलं ते निळंसावळं, आवाज नाही. खाली ढोल-ताशे, वर बायकांचा कल्ला.

"उलटं धर गं त्याला! चापट मार!"

"पाणी मारा तोंडावर!"

मनवाने उलटं धरलं नाही, पाणी मारू दिलं नाही. मऊ सुती पातळाने बाळाला कोरडं केलं आणि पाठ चोळली. तरी रडेना. मग मान नीट धरून, त्याच्या नाकातोंडावर तोंड ठेवून, गालांत मावेल एवढीच हवा, अगदी हलके, पुन्हा पुन्हा दिली.

आणि बाळाने टाहो फोडला.

दुसऱ्या दिवशी ती पेढे घेऊन वर्गात आली. "सिस्टर, इतका गोंधळ होता ना," ती म्हणाली, "आणि मला वाटलं, अरे, हा तर आपलाच वर्ग! चिसोमोताई मागून ओरडतायत, चोळ, चोळ!" एक पेढा तिने माझ्यापुढे ठेवला. मी कापडाची, मला पेढा काय कळणार? पण गिरणगावातलं एक बाळ मलावीच्या शिकवणीने रडलं आणि मधला पूल मी होते, हे मला पुरतं कळलं. माझ्या अंगावर दोन देशांचे टाके आहेत. एवढा मोठा दागिना तुमच्या सोन्याच्या दुकानात मिळत नाही.

ही बातमी पेपरात आली आणि तिथेच माझं नशीब फिरलं. कारण ती साहेबांनी, म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुखांनी, वाचली.

साहेबांनी मला वर्गातून उचलून दर्शनी दालनात आणलं. ठिगळं दिसू नयेत म्हणून इस्त्रीचं पांढरं झबलं चढवलं. मी सारखी एका बाजूला कलते, फोटोत बरं दिसत नाही, म्हणून माझ्या मानेत तार खुपसली. होय मित्रांनो, जी मान लुळी राहावी म्हणून काकूंनी डोळे फोडले, ती साहेबांनी ताठ केली. मग काचेची पेटी, कुलूप आणि पाटी: 'हात लावू नये'. पायाशी पितळी अक्षरं: 'या संस्थेने गरीब देशाला दिलेली ज्ञानाची देणगी'.

देणगी? टिचबटणं कोणाची होती, साहेब? "चोळ, चोळ" कोण ओरडत होतं? शिकलात तुम्हीही त्यांच्याकडून, आणि पाटीवर दाते एकटेच झालात! शेजाऱ्याच्या घरी जेवून आल्यावर "मी त्याला जेवू घातलं" असं सांगणाऱ्याला आमच्या लालबागमध्ये काय म्हणतात ते मी मुलांसमोर बोलत नाही.

या आठवड्यात चिसोमोताई पुन्हा आल्या आहेत, नव्या मुली घेऊन. इथून परत गेल्या की या मुली दूरदूरच्या गावांत एकेकट्या काम करणार. विचारायला शेजारी कोणी नसणार. जे काही हाताला शिकवायचं ते आत्ताच.

सीमाताई ऑफिसात कारकुनाकडे गेल्या. "हितेंद्र, पेटीची किल्ली दे रे."

"सिस्टर, किल्ली साहेबांकडे."

साहेबांच्या केबिनबाहेर कळलं, किल्ली ऑफिसात. पुन्हा ऑफिसात गेल्या तर हितेंद्र मान खाली घालून म्हणाला, "साहेब म्हणतात, मूळ वस्तू खराब होईल. मुलींना व्हिडिओ दाखवा."

चिसोमोताई काचेपाशी येऊन उभ्या राहिल्या. पायाशी काय लिहिलंय, त्यांनी विचारलं. सीमाताईंनी वाचून दाखवलं.

"हे आम्ही नाही लिहिलं," सीमाताई म्हणाल्या.

"माहीत आहे. तुझं अक्षर इतकं सुबक कुठे!"

सीमाताईंना हसू आलं आणि डोळेही भरले. चिसोमोताईंनी कमरेचं चितेंजे सोडलं, आतल्या झग्यानिशी उभ्या राहिल्या आणि त्या कापडाची घट्ट वळकटी केली. टोकाला गाठ मारली, ते डोकं. झालं बाळ. मग 'शांतता राखा' या पाटीखालीच त्यांनी टाळी वाजवली, "चला, नातेवाईक व्हा!"

आणि मित्रांनो, काय कल्ला झाला! मलावीच्या मुली, परळच्या मुली, वॉर्डातून धावत आलेली मनवा, सगळ्या सासवा आणि मावश्या झाल्या. काच थरथरली. एका मुलीने वळकटी झटक्यात उचलली.

"मान! मान धर!" चिसोमोताई ओरडल्या.

"कुठे आहे मान?" मुलगी म्हणाली.

तिचं खरं होतं. गाठीला मान नसते. सगळ्याजणी काचेतून माझ्याकडे बघायला लागल्या.

मुलांनो, तुम्ही तुमची आवडती वस्तू जपता, कपाटात ठेवता, मला राग नाही त्याचा. पण जिच्यावर कोणाचा जीव अवलंबून आहे, तिला जपायचं म्हणजे वापरायचं, फाटली तर शिवायचं, आणि कोणी शिवली ते खरं सांगायचं. मला फाटण्याची भीती नाही. उद्या त्या दूरच्या गावात एखाद्या बाळाची मान मागे कोसळेल, त्याची भीती आहे.

आत्ता केबिनचं दार उघडलंय. साहेब बाहेर आलेत. "काय गोंधळ आहे हा?" त्यांनी विचारलंय. सीमाताई दोन पावलं पुढे आल्यात आणि त्यांनी हात पसरलाय.

साहेब, माझ्याकडे बघू नका, त्या हाताकडे बघा. बोला, किल्ली कुठे आहे?