क्रेमेनाच्या गाण्याखालची गायदा

बायको क्रेमेना गेल्यावर स्ट्राहिलने वर्षभर घरात वाद्य वाजवलं नाही. रोडोपीच्या डोंगरातल्या त्या गावात तशी रीतच होती. गायदा, काखेत दाबून फुंकून वाजवायचं त्याचं वाद्य, खुंटीला लटकत राहिली, तिची कातडी पिशवी रिकामी. कॉम्प्युटरवर चादर होती.

शनिवारी वर्षश्राद्ध होतं. कबरीपाशी रिवाजाचे उकडलेले गहू वाटले की लोक जेवायला येणार, तेव्हा त्याला तिचं शेवटचं गाणं लावायचं होतं. जायच्या दोन महिने आधी ती स्वयंपाकघरात माइकसमोर एकटी गायली होती. "तुझी गायदा मागाहून घाल," म्हणाली होती. "आत्ता तू रडतोस आणि हवा सुटते." दुखवट्याचं वर्ष सरायला अजून आठवडा होता, पण पाद्रीबाबा म्हणाले, "बाईनेच सांगितलेलं काम आहे. वाजव."

सोमवारी त्याने माइकची यूएसबी डबी जोडली. दिवा लागला, पण कॉम्प्युटर तिला ओळखेना. त्याने वायर बदलली, दुसऱ्या भोकात घातली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. शेवटी रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये जे जे दिसेल ते दाबत गेला आणि आवाज आला.

क्रेमेनाचा आवाज. खालचा, ओढत आणलेला, थकलेला.

तो तिथेच खुर्चीवर बसला. इतकी आजारी होती ती, आणि शेजारी बसून मला कळलं नाही, असं त्याला वाटलं. आठवडाभर तो तेच ऐकत राहिला. जेवण जाईना.

गायदा मात्र तिच्या सुराच्या वर बोलत होती. आतली सूर काढणारी बोरूची पत्ती वर्षभरात सुकली असेल म्हणून त्याने ती ओलवली, वाट पाहिली. मग सूर खाली यावा म्हणून चाकूने मुळाशी खरवडली, तिची जिभली आणखी लांब चिरली. वीस वर्षं क्रेमेना याच पत्तीवर गायली होती. शुक्रवारी दुपारी सूर जुळला. आता फक्त रेकॉर्ड करायचं होतं.

तेवढ्यात गहू शिजवायला डाफिना आली. ती क्रेमेनाबरोबर गावच्या गायन मंडळात गायची आणि सभागृहातले माइक, स्पीकरही तीच सांभाळायची. दारातच थबकली.

"कोण गातंय हे?"

"कोण म्हणजे? क्रेमेना."

"दादा, तीस वर्षं तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले मी. हा तिचा सूर नाही."

"आजारी होती गं."

"आजारी माणसाचा दम तुटतो. सगळा सूर असा सारखा उतरत नाही. आणि मागे तुझं भिंतीवरचं घड्याळ ऐक. तेही आजारी होतं का?"

स्ट्राहिलने कान दिला. टिकटिक खरंच रेंगाळत होती.

डाफिनाने हात पुसून माउस घेतला. "गाणं घेतलंय सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार नमुन्यांवर, आणि डबी चालतेय चव्वेचाळीस हजारांवर. म्हणून हळू वाजतंय. कुणी केलं हे?"

"मीच. आवाज येईपर्यंत दाबत होतो."

"धन्य आहे तुझी. तुझ्या डोक्यातही त्या पिशवीसारखी हवाच आहे."

तिने आकडा बदलला. क्रेमेना गाऊ लागली. आवाज स्वच्छ होता, वर चढताना कुठेही डळमळत नव्हता. डाफिनाने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर धरलं. स्ट्राहिलने गायदा काखेत घेतली, एक सूर काढला आणि थांबला. चिरलेल्या पत्तीमुळे गायदा आता खूप खाली होती.

"नवी पत्ती?" डाफिनाने विचारलं.

"बनवून मुरायला पंधरा दिवस."

डाफिनाने पुन्हा माउसवर हात ठेवला. मग हळूच म्हणाली, "परत होतं तसं करू का, दादा? तुझी गायदा जुळेल. बाकी कुणाला कळणार नाही."

"म्हणजे तिला परत आजारी करू?"

त्याने गायदा खुंटीला लावली.

शनिवारी जेवणाआधी गाणं लावलं. बायका रडल्या. एक म्हातारा म्हणाला, "काय खणखणीत गळा होता!" स्ट्राहिल हात मांडीवर ठेवून ऐकत होता. गाणं बरोबर चार मिनिटांचं होतं. आठवडाभर ते चार मिनिटं एकवीस सेकंद चालत होतं, आणि त्याला तेवढ्याचीच सवय झाली होती. ती थांबली तेव्हा तो अजून पुढच्या ओळीची वाट पाहत होता.