मूळ क्लासमधली आणखी एक मेथड

आमची वहिनी एका प्रोग्रामिंग भाषेच्या गाभ्यावर काम करायची. मजकूर हाताळणारा मूळ क्लास, म्हणजे भाषेबरोबरच मिळणारा तयार कामांचा संच, तिच्याकडे होता. शब्द जोडणं, कापणं, उलटवणं, अशा प्रत्येक कामाची त्यात एक मेथड. तिनं जबाबदारी घेतली तेव्हा त्या मोजक्या होत्या. मग ज्याला त्याला आपल्या सोयीची एकेक हवी झाली. आत आलेली मात्र बाहेर काढता येत नसे. कुठेतरी कुणाचा तरी प्रोग्राम त्या मेथडच्या जिवावर चालत असायचा. शेवटी क्लास इतका फुगला की हवं ते सापडेनासं झालं.

वहिनीनं खपून तोडगा काढला. क्वचित लागणाऱ्या मेथड्स वेगळ्या पॅकेजमध्ये न्यायच्या, ज्याला लागतील त्यानं ते जोडून घ्यायचं. जुने प्रोग्राम आपोआप बदलून देणारं साधनही तिनंच लिहिलं.

भाषेत काय घ्यायचं ते ठरवणाऱ्या समितीची बैठक लॅपटॉपवर होती, मी शेजारीच बसलो होतो. ही भाषा ज्यांनी घडवली, त्यांना सगळे आजोबा म्हणत. आधी त्यांनीच एक नवी मेथड सुचवली: लांबलचक ओळ शब्द न तोडता दुमडणारी. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आजोबा, ही आहे आपल्याकडे," वहिनी म्हणाली. "दुसऱ्या नावानं. तुम्हीच लिहिली होती."

 आजोबा हसले. "असं होय? राहू दे मग दोन्ही. हे नाव जास्त बरं आहे."

"तुम्हालाच सापडत नसेल तर नव्या माणसानं काय करायचं? म्हणून तर माझा प्रस्ताव..."

"अगं, त्याची काय घाई? पुढच्या वर्षी बघू."

गेल्या वर्षीही ते हेच म्हणाले होते. आजोबांची मेथड मंजूर झाली.

बैठक संपल्यावर वहिनीनं लॅपटॉप मिटला. दादा म्हणाला, "सोडून दे ना हे सगळं."

"सोडलं तर पुढचा माणूस येईल त्या मेथडला दार सताड उघडेल."

"आणि नाही सोडलंस तर?"

तिनं लॅपटॉप पुन्हा उघडला.

ती मेथड शेवटी तिनंच लिहिली, नीट तपासून, नेहमीसारखी नेटकी. आजोबांनी तोंडभरून कौतुक केलं. त्यानंतर तिनं कुणालाच नाही म्हटलं नाही. जे येईल ते घेत गेली. आपला प्रस्ताव तिनं पुन्हा मांडला नाही.

समितीतले लोक आता म्हणतात, तिच्याबरोबर काम करणं हल्ली फार सोपं झालंय.