मऊ केलीय गं, बस

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा, मला त्याची सवय आहे. मी एक जुना शॉकअप आहे. गेलं वर्षभर एका घराच्या गॅरेजमध्ये, वरच्या फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला पडून आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला कधी पाहिलंही नसेल. गाडीचा रंग दिसतो, काचा दिसतात, दिवे दिसतात. चाकामागे चिखल खात उभा असलेला मी कुणाला दिसणार? माझ्या पोटात तेल आहे आणि त्या तेलात वर-खाली होणारा एक दट्ट्या. खड्डा आला की स्प्रिंग धक्का झेलते खरी, पण मग उड्याच मारत सुटते. तिला आवरायचं काम माझं. धक्के मी खायचे आणि लोकांनी म्हणायचं, "वा, गादी काय मऊ आहे!"

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एका बाईंनी मला यंत्रात घालून तीनदा दाबून पाहिलं, खडूने खूण केली आणि पुढे ढकललं. माझं कौतुक म्हणाल तर तेवढंच. माझ्या तीन भावांसह मी एका गडद निळ्या स्पोर्ट्स कारला बसलो. बुटकी, दोनच माणसांची गाडी. पहिल्या मालकाने ती तीन वर्षं उधळली आणि विकून टाकली. दुसऱ्या मालकाचं औषधांचं दुकान होतं. गल्लीतले लोक त्याला 'डॉक्टर' म्हणत, आणि "मी डॉक्टर नाही हो" असं तोही कधी चुकून म्हणत नसे.

मी होतो त्याच्या बायकोच्या सीटमागच्या चाकापाशी. त्यामुळे तिचा भार माझ्याकडे आणि तिची ओळखही माझ्याकडे. ती पूर्वी जिन्यावरून घसरली होती आणि तिचा मणका दुखावला होता. बसमध्ये पाच मिनिटं बसली तरी तिला घाम फुटे. तरी दर रविवारी ती आमच्या गाडीतून दोन तासांवरच्या गावी जायची, कारण तिथे तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली होती. ताईची नखं ही कापायची, केस ही विंचरायची. दुसऱ्या कुणी कात्री हातात घेतली की ताई मुठी आवळून बसायची म्हणे. म्हणून मी त्या रस्त्यावर जीव ओतायचो. एकेक खड्डा पाठ होता मला.

पण लोखंड झालं तरी किती वर्षं पुरणार? माझं सील गेलं, तेल ठिबकायला लागलं आणि गाडी होडीसारखी डुलायला लागली.

"अहो, पाठ भरून येते हो हल्ली," ती एकदा म्हणाली.

डॉक्टरला निमित्तच हवं होतं. शनिवारी मित्रांबरोबर घाटात गाड्या पळवायचा त्याला नाद होता, आणि तिथे वळणावर आमची गाडी झुलते म्हणून ते त्याला हसायचे. तो गाडी घेऊन थेट मिस्त्रीकडे गेला. हा मिस्त्री म्हणजे वल्ली. काहीही मोजायचं असलं की मोठ्याने आकडे म्हणायचा, अगदी चहात साखर घालतानासुद्धा. त्याने गाडीच्या मागच्या बाजूला तळहात ठेवून दाब दिला. "एक, दोन, तीन, चार! डॉक्टर, अहो चार हेलकावे. एकात थांबायला पाहिजे. नवं सील, नवं तेल घातलं की हेच चौघं पुन्हा उभे राहतील."

"छे, नवेच घाला. भारीतले."

"घालू की. पण आधी सांगा, गाडी वळणावर रस्त्याला चिकटून पळायला हवी की वहिनींच्या पाठीला आराम हवा? दोन्ही एकदम पुरेपूर मिळत नाही."

"मला दोन्ही हवंय," डॉक्टर म्हणाला.

म्हणून ते नवे चौघे आले. पिवळेधमक, डोक्यावर चकती असलेले. चकती एकीकडे फिरवली की कडक, दुसरीकडे फिरवली की मऊ, आणि प्रत्येक घराला 'टिक' असा आवाज. अशी वीस घरं. आम्हाला खाली उतरवलं आणि कानामागून आलेले तिखट झाले. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! मिस्त्रीचा मात्र एक नियम होता, की काढलेला माल मालकाच्या हातात परत द्यायचा. त्यामुळे भंगाराऐवजी आम्ही या फळीवर आलो.

गाडी निघताना मिस्त्रीने बजावलं, "वहिनी बसणार असतील तेव्हा चारही चकत्या मऊकडे. पुढच्या दोन बॉनेटखाली, मागच्या दोन डिकीत. दहा मिनिटं लागतात, कंटाळा करू नका. आणि हजारेक किलोमीटर झाले की मी घरी येऊन बोल्ट आवळणार. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच शेवटचं आवळायचं असतं."

पहिले दोन रविवार डॉक्टरने खरोखर चकत्या फिरवल्या. संध्याकाळी ती गाडीतून उतरली ती हसतच. "अहो, मी चक्क झोपले होते!" मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण तिला ताठ चालताना पाहून बरंही वाटलं.

तिसऱ्या रविवारी डॉक्टर गॅरेजमध्ये आला. आदल्याच दिवशी त्याने चारही चकत्या पूर्ण कडक करून घाटात सगळ्यांना मागे टाकलं होतं आणि मित्रांनी त्याची पाठ थोपटली होती. त्याने डिकी उघडली, घड्याळात पाहिलं आणि डिकी पुन्हा लावली.

"मऊ केलीत ना?" दारातून तिने विचारलं.

"केलीय गं, बस."

एकही टिक वाजली नव्हती, मित्रांनो. मी होतो ना इथेच.

त्या संध्याकाळी ती दार धरून, कण्हत खाली उतरली. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच दार आहे आणि ते नीट लागत नाही, म्हणून आतलं सगळं मला ऐकू येतं. ती म्हणाली, "गाडी तर एवढी मऊ केलीत तुम्ही. माझीच पाठ कामातून गेली हो."

आता तरी बोलेल, असं मला वाटलं. त्याने काय करावं? दुकानातून मलम आणून दिलं. "वयोमानाने व्हायचंच," म्हणाला. दुखणं अर्धं मनात असतं, असंही म्हणाला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! मग खऱ्या डॉक्टरांना दाखवून झालं. त्यांनी विचारलं, मऊ गाडीतही दुखतं का? ती बिचारी म्हणाली, हो. तेव्हा त्यांनी तिचा प्रवासच बंद केला.

रोज संध्याकाळी फोन व्हायचा. "ताई, येते गं. पाठ जरा बरी होऊ दे. नखं वाढलीत? वाढू देत, मीच कापीन." असे चार महिने गेले. रविवारी गाडी गॅरेजमध्येच असायची, शनिवारी मात्र नेमाने बाहेर पडायची.

एका सकाळी ताई गेली.

बातमी कळताच बायको हट्टाने गाडीत बसली. गल्लीच्या टोकाला रस्ता उखडलेला आहे, तिथेच ती ओरडली. तिची ती किंकाळी मला या फळीवर ऐकू आली. डॉक्टरने गाडी वळवून परत आणली. त्या क्षणी तो चकत्या फिरवू शकला असता. पण तिच्या डोळ्यांदेखत फिरवल्या असत्या तर आधी फिरवल्या नव्हत्या हे उघड झालं असतं. त्याने तिला हात धरून घरात नेलं, खुर्चीवर बसवलं आणि एकटा निघून गेला. वळणांवर गाडी झकास चालली असेल.

हजार किलोमीटर केव्हाच उलटून गेले होते. मिस्त्रीचा फोन आला की डॉक्टर म्हणायचा, "आज नको." शेवटी मिस्त्रीच एका दुपारी बोल्ट आवळायचे पाने घेऊन हजर झाला. डॉक्टर दुकानात होता. तिने गॅरेज उघडून दिलं आणि दाराला टेकून उभी राहिली. ताईला जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते.

मिस्त्रीने बोल्ट आवळले. मग त्याने डिकी उघडली. "पूर्ण कडक करून मग उलटी घरं मोजतो, वहिनी." त्याने चकती कडककडे फिरवायला घेतली. ती हलेना. दुसरी धरली. तीही हलेना. त्याने पुढच्याही दोन पाहिल्या. "हात्तिच्या! या तर चारही शेवटच्या घराला आहेत. याच्यापुढे फिरतच नाहीत. वहिनी, असल्या गाडीत धडधाकट माणसाचीही हाडं खिळखिळी होतील!"

"मऊ केली होती हो त्यांनी," ती म्हणाली. "दर वेळी करायचे."

मिस्त्रीने चकत्यांवर बोट फिरवून तिला दाखवलं. त्यांच्यावर धुळीचा जाड थर होता. आणि मग त्याने जीभ चावली.

"मऊ करा," ती म्हणाली. "आणि मला त्या उखडलेल्या रस्त्यावरून नेऊन आणा."

त्याने चारही चकत्या फिरवल्या, सवयीप्रमाणे मोठ्याने मोजत. एक, दोन, तीन, वीसपर्यंत, चार वेळा. ती प्रत्येक आकडा ऐकत उभी होती. मग ते गेले आणि पंधरा मिनिटांनी परतले. ती दाराचा आधार न घेता उतरली.

"दुखलं नाही," ती म्हणाली.

"मग हसा की वहिनी! पाठ ठणठणीत आहे तुमची."

"होय," ती म्हणाली. "तेव्हाही ठणठणीतच होती." आणि माझ्या फळीखालच्या खोक्यावर बसून ती रडली. मी इतकी वर्षं धक्के पचवले, पण तो धक्का मला पचवता आला नाही.

एवढ्यात डॉक्टर जेवायला घरी आला. उघडी डिकी दिसली, मिस्त्री दिसला, बायको दिसली. "अगं, मला वाटलं... घाईत राहून जायचं गं," असं काहीबाही तो बोलला. मग किल्ली पुढे करून म्हणाला, "कुठे जायचंय सांग. आत्ता नेतो. म्हणशील तिथे नेतो."

तिने डोळे पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं.

"ताईकडे न्या."

तो किल्ली धरून तसाच उभा राहिला. मिस्त्रीने पाने गोळा केले आणि तो निघून गेला. ती आत गेली. त्या दिवसापासून चकत्या मऊच आहेत, पण तिची सीट रिकामी आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्याने शेवटी सांगायचं असतं की यंत्रांची निगा राखा, वेळच्या वेळी तेल बदला. राखा, बदला, मी नाही म्हणत नाही. आमची सीलं बाजारात मिळतात. पण शेजारचं माणूस "दुखतंय" म्हणालं, तर त्याचं दुखणं त्याच्याच माथी मारू नका. आणि ते तुमच्यामुळे दुखत असेल, तर त्याच दिवशी कबूल करा. लाज वाटेल, वाटू दे. लाजेने कुणी मरत नाही. वाट बघत मात्र माणसं मरतात.