एकोणऐंशी रुपयांची अमर्याद जागा

हरीशला कुठलीही वस्तू घेण्याआधी तक्ता मांडायची खोड होती. मटार घ्यायचे तरी तीन ॲपवरचे भाव शेजारी शेजारी मांडून बघणार. गुरुग्रामच्या एकविसाव्या मजल्यावर राहणारा, लठ्ठ पगाराचा माणूस हा!

त्याची आई, विजयाबाई, पहाडगंजच्या मराठी शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवून रिटायर झाली. दुखणं विकोपाला गेलं तेव्हा तिने नातीसाठी, अक्षतासाठी, एकशे बारा गोष्टी फोनवर रेकॉर्ड करून ठेवल्या. पोर दिल्लीकडे वाढलेली, बोलायची निम्मं हिंदी. आजी गोष्टीत मध्येच थांबायची आणि म्हणायची, "हं म्हण गं, नाहीतर गोष्ट रुसते." आजी गेल्यावरही रोज शाळेतून आल्यावर अक्षता आजोबांच्या मांडीला टेकून टॅबसमोर बसायची आणि बरोबर त्या जागी "हं" म्हणायची. पद्माकरराव आजोबांचा दिवस त्या एका "हं"साठी उगवायचा.

हे सगळं ऑनलाइन साठवायला महिन्याला दोनशे दहा रुपये पडत होते. हरीशने तक्ता मांडला. वेबसाइटला जागा भाड्याने देणारी एक कंपनी एकोणऐंशी रुपयांत अमर्याद जागा देत होती.

"राहू दे ना यार," त्याची बायको विनया म्हणाली. "आईंच्या गोष्टी आहेत त्या."

"गोष्टी त्याच राहणार, भाडं निम्म्याहून कमी. बिल्कुल सेम!"

त्याने गोष्टी तिकडे चढवल्या, जुनं खातं रिकामं करून बंद केलं, आणि आईचा फोन एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. ती जागा फक्त वेबसाइटच्या पानांसाठी होती, फाइली साठवायला सक्त मनाई, हे अटींमध्ये लिहिलं होतं. अटी कोण वाचतो? कंपनीने तीनदा मेल करून बजावलं. जाहिराती समजून हरीशने तिन्ही न उघडताच उडवल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

एका मंगळवारी पान कोरं उघडलं. हरीशने कंपनीला फोन लावला. "सर, वो तो परमानेंटली डिलीट हो गया," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

तो बाहेर आला तेव्हा पद्माकरराव टॅब हातात धरून उभे होते. चेहरा पार उतरलेला.

"हरीश, काल माझं बोट कुठेतरी लागलं होतं रे. काहीतरी इंग्रजीत आलं, मी ओके दाबलं. माझ्यामुळे तर नाही ना गेलं?"

अक्षता आणि विनया दोघी हरीशकडे बघत होत्या. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"हो बाबा," हरीश म्हणाला. "तुमच्याच हातून गेलं. किती वेळा सांगितलं, समजत नाही तिथे हात लावू नका म्हणून!"

वड्याचं तेल वांग्यावर काढलं मेल्याने, तेही जन्मदात्या बापावर! म्हातारा मटकन खाली बसला. "विजया गं," एवढंच म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. हरीशला लाज वाटली. त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हरीश घरूनच काम करत होता. बाहेर पद्माकररावांनी अक्षताला जवळ बोलावलं. रात्रभर आठवून आठवून त्यांनी एक गोष्ट जुळवली होती. चिमणीचं घर वाहून जातं तिथवर त्यांनी ती सांगितली आणि विजयाबाईंसारखे थांबले.

"हं म्हण गं, बाळा."

अक्षताने मान फिरवली.

"नाहीतर गोष्ट रुसते."

"आप मत सुनाओ," ती म्हणाली. "आपने ही तो आजी को डिलीट किया."

तिने त्यांच्या हाताजवळचा टॅब उचलला आणि आपल्या खोलीत निघून गेली. हरीशने प्रत्येक शब्द ऐकला होता. तो उठला, आणि आवाज न करता त्याने आपल्या खोलीचं दार लावून घेतलं.