माळसावर्ड्याची काठी

संख्याशास्त्र हे सत्याच्या जवळ जाण्याचं माणसाला सापडलेलं सर्वांत निर्मळ साधन आहे, यावर श्रेणिक मगदूमची अढळ श्रद्धा होती. ही श्रद्धा तो कोल्हापुरातल्या एका दूध संघाच्या जिन्याखालच्या खोलीत, रोजंदारीवर बाळगून होता.

खोलीवर 'संगणक विभाग' अशी पाटी होती. विभाग म्हणजे एक संगणक, एक पंखा आणि एम.एस्सी. झालेला श्रेणिक. दिवाळीत त्याला तेहतीस पुरी होणार होती आणि त्यानंतर नियमाप्रमाणे त्याला ब्रह्मदेवही कायम करू शकणार नव्हता. त्याआधी सही करायची ती चेअरमन हंबीररावांनी, आणि तीही वार्षिक अहवालातला आलेख मनासारखा उतरला तर.

आलेख साधा होता. प्रत्येक गावाच्या म्हशीच्या दुधाला सरासरी किती फॅट लागलं, त्याचा एक खांब. पण त्या वर्षी, २००३ साली, पुण्याहून आलेल्या एका तज्ज्ञाने पांढरा रस्सा भुरकता भुरकता सांगितलं, की एरर बार नसलेला आलेख आता कुणी बघत नाही.

"त्ये काय असतंय रं?" पाहुणा गेल्यावर हंबीररावांनी विचारलं.

"खांबाच्या टोकाला एक उभी काठी, साहेब. रोजचं फॅट जितकं वर-खाली, तितकी काठी लांब. खरी सरासरी त्या काठीच्या आत कुठंतरी असती."

"कुठंतरी? म्हंजे तुला ठाऊक न्हाय?"

"नक्की न्हाय."

"आनि पगार मातूर नक्की घेतोस की! बरं, लाव काठ्या. पर समद्या गावास्नी लाव. एक गाव सुटलं तर सभेत खुर्च्या उडत्यात."

प्रत्येक गावाची काठी वेगळी, म्हणून श्रेणिकने एक्सेलमध्ये प्रोग्रॅम लिहिला. गाव घ्या, वर्षाचे आकडे घ्या, काठीची लांबी काढा, लावा, पुढच्या गावाला चला. प्रोग्रॅम चालला. खांबाखांबावर काठ्या उगवल्या. एकाच खांबावर उगवली नाही. ते गाव माळसावर्डे, हंबीररावांचं.

श्रेणिकने आधी स्वतःवर संशय घेतला, कारण तो रोजंदारीवर होता. त्याने ओळी उलटसुलट केल्या. काठीचा रंग बदलला, जाडी वाढवली. गावाचं नाव पुसून पुन्हा टाइप केलं. एकदा अशी काही दुरुस्ती केली, की माळसावर्ड्याची काठी आली नाहीच, बाकीच्या गावांच्याही गेल्या. मग वीज गेली. छपाईवाला रोज माणूस पाठवत होता आणि माणूस रोज चहा पिऊन परत जात होता.

घर जैनांचं, सूर्य मावळायच्या आत जेवणारं. श्रेणिक रोज मावळल्यावर पोचायचा आणि पाणीसुद्धा न पिता निजायचा.

"झाली का रं सही?" आई, सीताबाई, विचारायच्या.

"एक काठी यीना झालीया."

"एका काठीपायी पोरगं वाळून काठी झालं," त्या म्हणायच्या आणि सकाळी बस्तीत जाऊन देवापुढं गाऱ्हाणं घालून यायच्या.

मूळ आकडे त्याने सगळ्यात शेवटी उघडले, कारण मूळ आकडे उघडायची संघात पद्धत नव्हती. माळसावर्डे: ७.२. दुसऱ्या दिवशी ७.२. उन्हाळ्यात ७.२, पावसाळ्यात बेंदराच्या सणाला ७.२, दिवाळीत ७.२. प्रोग्रॅम पहिल्यापासून बरोबर होता. वर-खाली काहीच नाही, म्हणून काठीची लांबी शून्य.

त्याने तिथल्या दूध संस्थेच्या सचिवाला, शिवाप्पाला, फोन लावला.

"शिवाप्पा, तुमच्या म्हशी वर्षभर सात पॉइंट दोनच कशा देत्यात?"

"मशीन खोक्यात हाय न्हवं."

"कुठलं मशीन?"

"फॅट मोजायचं. फीत कापायला चेअरमनसाहेब येणार हैत. त्यास्नी सवड गावंना."

"मग आकडा कोण काढतंय?"

"पयल्या दिवशी साहेबच म्हणलं, तंवर सात दोन लिव्ह. आता त्येंचा आकडा मी बदलू व्हय, पावणं?"

श्रेणिक हंबीररावांपुढं जाऊन उभा राहिला. खोक्यातलं मशीन आणि ७.२ हा विषय त्याने केबिनच्या दाराबाहेरच ठेवला.

"साहेब, आपल्या गावाला काठी यीत न्हाय."

"गणपतरावाच्या गावाला आलीया?" गणपतराव म्हणजे आजऱ्याकडचे विरोधी संचालक.

"आलीया. सगळ्यात लांब त्येंचीच हाय."

"मग आमची त्येच्यापरास बोटभर लांब कर."

"साहेब, लांब काठी म्हंजे त्या आकड्याचा भरवसा कमी."

"तुला भरवसा दावायचाय, का कायम व्हायचंय?"

श्रेणिक खाली आला आणि त्याने एक ओळ घातली: गाव माळसावर्डे असेल, तर सगळ्यात लांब काठीपेक्षा थोडी जास्त. अख्ख्या प्रोग्रॅममध्ये पहिल्या फटक्यात चाललेली ती एकमेव ओळ.

सभेत "मंजूर, मंजूर"चा गजर झाला. गणपतरावांनी उठून, आपल्या गावाची काठी आखूड का, असा खडा सवाल केला. पुढच्या वर्षी वाढवून देऊ, असं हंबीररावांनी माइकवर जाहीर केलं आणि टाळ्या पडल्या.

दिवाळीआधी सही झाली. एवढ्या मोठ्या काठीच्या गावाला शिकलेला माणूस पायजे, असं हंबीररावांचं मत पडलं, म्हणून श्रेणिक कायम झाला तो माळसावर्ड्याचा फॅट तपासनीस म्हणून.

मशीनचं उद्घाटन अजून व्हायचं आहे. श्रेणिक रोज सकाळी ७.२ लिहितो.