द्रागानचा पाय

वेस्नाचा राग मला अजून येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

सौदीतल्या अल खर्जच्या एका खाजगी इस्पितळात आम्ही दोघी नर्स होतो. मी श्रीवर्धनची, ती युगोस्लाव्हियातल्या झाग्रेबची, म्हणजे क्रोएट. रियाधवर इराकची स्कड क्षेपणास्त्रं पडायला लागली त्या आठवड्यात द्रागान नावाच्या ट्रकचालकाला आमच्याकडे आणलं. तिच्याच देशाचा. पाय चिरडलेला, विष वर चढत होतं. डॉक्टर म्हणाले, आज कापला तर गुडघा वाचेल, उद्यावर गेलं तर तोही जाईल. पण त्याला ना इंग्रजी येत होतं ना अरबी, आणि तो कुणाला जवळ फिरकू देत नव्हता. मी धावत जाऊन वेस्नाला आणलं.

ती दारातच थबकली. द्रागान छातीवर क्रूस काढत होता, आधी उजवा खांदा, मग डावा. वेस्ना कॅथलिक, तिच्याकडे आधी डावा.

"हा सर्ब आहे," ती म्हणाली. "मला त्याची भाषा येत नाही."

धडधडीत खोटं. डिसेंबरपर्यंत आमच्यातल्या मिलेना या सर्ब नर्सशी ती याच भाषेत खिदळत कॉफी पीत होती. मिलेना लढाईला घाबरून घरी गेली, तिकडे सर्ब-क्रोएट भांडणात त्यांचा देश फुटायला आला, आणि हिला एकदम भाषा येईनाशी झाली. माझं डोकंच फिरलं. मलाही इथल्याच पुण्याच्या नर्स अनुराधाबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, मुसलमान असून मराठी किती छान बोलता. तेव्हा मी हसून गिळलं होतं. आता गिळणार नव्हते.

"तुमचं चर्च वेगळं असेल, बोलणं एकच आहे. मी रोज ऐकलंय. चल आत."

ती गेली ती थेट सुपरवायझरकडे, माझी तक्रार घेऊन. त्यांनी उलट तिलाच दम भरल्यावर संध्याकाळी आली. दोन वाक्यं बोलली. त्याने काहीतरी विचारलं, ती झाग्रेब म्हणाली. त्यावर त्या गाढवाने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"म्हणतो, आमच्यातलं कुणीतरी आणा," वेस्नाने सांगितलं.

मग दोघांची जुंपली. सायरन झाला, आम्ही गॅसचे मास्क चढवले, तरी भांडण चालूच. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण त्यांचं कुठे अडतही नव्हतं. दोघांनाही थोबाडावं असं मला वाटत होतं.

सकाळी तो तापाने अर्धमेला होऊन कबूल झाला. ऑपरेशन झालं.

दुपारी वेस्नाने हळूच विचारलं, कसा आहे तो. मी तिचा हात धरून तिला खाटेपाशी नेलं आणि चादर मांडीपर्यंत, पाय आता संपत होता तिथवर, उचलली.